गुण आला, पण कशाने?

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातील डॉक्टरांनी एका दिवसाचा संप केला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद करावी, या शासनाच्या निर्णयाला त्यांचा विरोध होता. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून हा वाद धुमसत होता, आणि संपाच्या निमित्ताने तो पुन्हा घराघरांत पोहोचला. त्या काळात वाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांत जे बोलले-लिहिले गेले, त्यात हक्काचा मुद्दा होता, दर्जाचा होता, खेड्यांतील डॉक्टरांच्या तुटवड्याचा होता. भारतीय परंपरेचा अभिमान होता आणि तिचा उपहासही होता. कोणत्या आजारावर कोणते औषध खरोखर काम करते आणि हे आपल्याला कशावरून कळले, याची चर्चा मात्र जवळजवळ नव्हतीच. एका पॅथीचे पदवीधर दुसऱ्या पॅथीची औषधे लिहिण्याचा अधिकार मागतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या औषधांच्या परिणामकारकतेविषयी काय समजायचे, हा प्रश्न त्यांना कोणी गांभीर्याने विचारला नाही. विरोध करणाऱ्यांनीही आपण लिहितो त्या प्रत्येक औषधामागे पुरावा किती, याचा हिशेब मांडला नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. उपचाराची परीक्षा पॅथीच्या नावावरून होऊ नये. ती एकेका उपचाराची, एकेका आजारासाठी आणि कशाच्या तुलनेत हे स्पष्ट करून व्हावी, आणि तिचा निकष सर्वांना एकच असावा. ‘आयुर्वेद खरा की खोटा’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्न तपासण्याजोगाच नाही. क्षारसूत्राने, म्हणजे क्षारयुक्त औषधाचा लेप दिलेल्या दोऱ्याने, भगंदर (गुदद्वाराजवळचा नासूर) बरा होतो का, आणि शस्त्रक्रियेच्या तुलनेत तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण किती, हा प्रश्न तपासता येतो, आणि तो तपासलाही गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्राच्या रुग्णांत भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण एका वर्षानंतर 4 टक्के आढळले, तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ते 11 टक्के होते. जखम भरून यायला मात्र क्षारसूत्राला सुमारे 8 आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेला 4. असे उत्तर हाती आले की रुग्णाला निवड करता येते, आणि आयुर्वेदाचा अभिमानी आणि विरोधक दोघांनाही त्यापुढे आपापल्या घोषणा बाजूला ठेवाव्या लागतात. दुर्दैवाने अशी उत्तरे थोडी आहेत, आणि ती मिळवण्याचे कष्ट टाळण्यातच दोन्ही बाजूंची शक्ती खर्च होते आहे.

कष्टाची गरजच काय, लोकांना गुण येतो हे पुरेसे नाही का? हा या वादातील सर्वांत जुना आणि सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काविळीचे औषध देणारी घरे पंचक्रोशीत प्रसिद्ध असतात. कुठे गळ्यात माळ घालतात, कुठे नाकात पाल्याचा रस सोडतात, कुठे चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावून पिवळे झालेले पाणी दाखवतात, आणि बरोबर तेल-तिखटाचे कडक पथ्य सांगतात. कित्येक जण मोबदला घेत नाहीत. अशी माणसे लबाड असतात असे समजणे अन्यायाचे ठरेल. बहुतेकांची आपल्या औषधावर मनापासून श्रद्धा असते, आणि ती डोळ्यांदेखत बऱ्या झालेल्या रुग्णांमुळे दृढ झालेली असते. अडचण अशी आहे की दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही काविळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माणूस औषधाला धावतो तो डोळे पिवळे झाल्यावर, अन्नावरची वासना उडाल्यावर, म्हणजे आजार चढाच्या टोकाला असताना. त्यानंतर त्याला उतरायचेच असते. माळ घातली तरी तो उतरतो आणि घातली नाही तरी उतरतो. माळ न घातलेले लोक त्या घरी परत येऊन ‘आम्हीही बरे झालो’ असे सांगत नाहीत, आणि जे बरे झाले नाहीत त्यांना सांगता येत नाही. अशा परिस्थितीत औषध देणाऱ्याचा अनुभव कितीही प्रदीर्घ आणि प्रामाणिक असला, तरी त्यातून औषधाविषयी काही सिद्ध होत नाही. आणि या समजुतीची किंमत शून्य नसते. हिपॅटायटिस ई हीदेखील पाण्यातूनच पसरणारी काविळ आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती झाली तर 20 ते 25 टक्के स्त्रिया दगावू शकतात. माळेवर विश्वास ठेवून रुग्णालयात उशिरा पोहोचलेल्या बाईच्या बाबतीत ‘औषधाने अपाय तर होत नाही ना’ हे समर्थन किती टिकते?

काविळीचेच उदाहरण थोडे पुढे नेतो, कारण त्यात या विषयाचे सगळे कंगोरे सापडतात. आपल्याकडे काविळीवर भुईआवळी देण्याची प्रथा जुनी आहे. मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी या विषाणूचे दीर्घकाळ वाहक असलेल्या व्यक्तींना ही वनस्पती 30 दिवस दिली आणि दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली. 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल थक्क करणारा होता: भुईआवळी घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचे चिन्ह नाहीसे झाले होते, तर प्लासिबो घेतलेल्या 23 पैकी फक्त एकाच्या. जगभरातील प्रयोगशाळांनी ही वनस्पती हाती घेतली. पुढच्या वर्षांत इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम पुन्हा दिसला नाही. वनस्पतीच्या जातीत फरक होता का, मात्रेत होता का, की पहिल्या निकालात योगायोगाचा भाग मोठा होता, यावर वाद झाले. पण खात्रीने वापरावे असे औषध त्यातून निघाले नाही. यात मद्रासच्या संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी तुलनेचा गट घेतला, आकडे छापले, म्हणूनच इतरांना ते पडताळता आले. दोष आहे तो आजही भुईआवळीच्या काढ्याची जाहिरात करताना 1988 चा निकाल सांगणाऱ्यांचा आणि नंतरचे निकाल गाळणाऱ्यांचा. एका चाचणीने औषध सिद्ध होत नाही. ती दुसऱ्यांच्या हातांतही तशीच यावी लागते.

याहून आपल्या जवळचे आणि अधिक बोलके उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या 182 रुग्णांवर अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्यापासून बनवलेल्या औषधाची चाचणी केली; कोणाला औषध मिळते आहे आणि कोणाला प्लासिबो, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात औषध घेणाऱ्यांपैकी 49 टक्के रुग्णांत ठरलेल्या निकषानुसार सुधारणा दिसली. हा आकडा एकटाच ऐकला तर कोणीही म्हणेल की औषध यशस्वी झाले. पण प्लासिबो घेणाऱ्यांतही 40 टक्क्यांना तेवढीच सुधारणा झाली होती, आणि दोहोंतील फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर जात नव्हता. तुलनेचा गट नसता तर या औषधाच्या डब्यावर आज काय छापलेले असते? याच मंडळींनी पुढे गुडघ्याच्या झिजेच्या 440 रुग्णांवर 24 आठवड्यांची मोठी चाचणी केली, आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात आयुर्वेदिक मिश्रणे सेलेकॉक्सिब या नेहमीच्या वेदनाशामकाच्या तोडीस तोड ठरली. त्याच निबंधात त्यांनी हेही नोंदवले की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्यांपैकी 7 जणांच्या रक्तात यकृताच्या एका विकराचे प्रमाण वाढले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. नकारात्मक निकाल छापणारे आणि सकारात्मक निकालातील खटकणारी गोष्ट न लपवणारे हे संशोधक आयुर्वेदाची जेवढी सेवा करतात, तेवढी शंभर अभिमानपर भाषणांनी होत नाही, असे मला ठामपणे वाटते.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला मुद्दा काळाचा: दोन-तीन हजार वर्षे जे टिकले ते निरुपयोगी कसे असेल? या प्रश्नात तथ्य आहे. दीर्घ वापरातून काही वनस्पतींचे गुणधर्म माणसाच्या ध्यानात आले, यात शंका नाही. पण दीर्घकाळ टिकणे हा उपयुक्ततेचा पुरावा मानला, तर युरोपातील रक्तमोक्षणाचे काय करायचे? तापापासून न्यूमोनियापर्यंत सगळ्यांवर शीर कापून रक्त काढण्याची ती प्रथा ग्रीकांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, सुमारे दोन हजार वर्षे, उत्तमोत्तम विद्वान वैद्यांनी पाळली. पॅरिसमध्ये पिएर लुई या वैद्याने 1830 च्या सुमारास न्यूमोनियाच्या 77 रुग्णांची साधी मोजदाद केली, तेव्हा आजाराच्या सुरुवातीला रक्त काढलेल्यांपैकी 44 टक्के दगावल्याचे आणि उशिरा काढलेल्यांपैकी 25 टक्के दगावल्याचे दिसले. दोन हजार वर्षांत कोणालाही न दिसलेली गोष्ट मोजल्याबरोबर दिसू लागली. होमिओपॅथीचे समर्थक 1854 च्या लंडनमधील पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही: होमिओपॅथीच्या रुग्णालयात पटकीचे सुमारे 16 टक्के रुग्ण दगावले, तर शेजारच्या मिडलसेक्स रुग्णालयात 53 टक्के. पण तेव्हाच्या प्रस्थापित वैद्यकात पटकीच्या रुग्णाला, ज्याच्या शरीरातले पाणीच संपत आलेले असते, रक्त काढणे आणि पाऱ्याचे रेचक देणे असे उपचार रूढ होते. त्यांच्याशी तुलना केली तर काहीही न करणारा उपचारही जिंकतो. म्हणून या आकड्यांतून होमिओपॅथीच्या औषधाची शक्ती सिद्ध होत नाही. तत्कालीन ॲलोपॅथी किती घातक होती, एवढे मात्र निर्विवाद सिद्ध होते.

परंपरेतून खरोखरच मोलाचे काही सापडते तेव्हा काय घडते, हे सर्पगंधेच्या इतिहासात पाहावे. हे मूळ आपल्याकडे वेडावर, झोप न येण्यावर आणि सापाच्या विषावर देत असत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरतो असे नोंदवले, आणि 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील आपला अभ्यास ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. तो वाचून पाश्चात्त्य संशोधक त्याकडे वळले, 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले, आणि काही वर्षे ते जगभर रक्तदाबाचे महत्त्वाचे औषध होते. कालांतराने त्याचे दुष्परिणाम ध्यानात आले, अधिक चांगली औषधे आली, आणि त्याचा वापर मागे पडला. एकाच मुळाविषयी परंपरेने सांगितलेल्या गोष्टींपैकी मन शांत करण्याची गोष्ट तपासणीत टिकली, परंपरेने न सांगितलेला रक्तदाबाचा उपयोग नव्याने सापडला, आणि सर्पविषावरच्या उपयोगाला मात्र आधार मिळाला नाही. कुठे शोधायचे ते ग्रंथ सांगू शकतो. काय सापडले ते शोधणाऱ्यालाच पाहावे लागते. हा विचार बाहेरून आणलेला नाही. केवळ ऋषींनी लिहिले म्हणूनच ते प्रमाण मानायचे असेल, तर चरक-सुश्रुतांना सोडून भेलासारख्या ऋषींचे ग्रंथ का वाचले जात नाहीत, असा प्रश्न आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने ‘अष्टांगहृदया’च्या अखेरीस स्वतःच केला आहे, आणि जे उत्तम सांगितले आहे ते स्वीकारावे, असा त्याचा निष्कर्ष आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील आयुर्वेदाचे प्राध्यापक किशोर पटवर्धन यांनी 2022 साली जुन्या शारीर-कल्पनांना आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा मुलामा देऊन शिकवण्यावर जाहीर टीका केली, तेव्हा ते वाग्भटाच्याच वाटेने चालले होते.

दुसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: आधुनिक वैद्यक तरी कुठे निर्दोष आहे? औषध कंपन्या चाचण्यांचा खर्च करतात, नको असलेले निकाल दडपतात, अनावश्यक शस्त्रक्रिया होतात, बिले घर विकायला लावतात. हे सगळे खरे आहे, आणि ते मान्य करताना हातचे काही राखून ठेवण्याची गरज नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके धोकादायक असतात, म्हणून ते दाबणारी औषधे अमेरिकेत हजारो रुग्णांना दिली जात होती. त्यामागचा सिद्धान्त तर्कशुद्ध होता, आणि ठोके खरोखर नियमित होतही होते. ‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत सुमारे दीड हजार रुग्णांचे दोन गट केले, तेव्हा औषधाच्या गटात 63 मृत्यू झाले आणि प्लासिबोच्या गटात 26. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीतून केली जाणारी धुलाईची शस्त्रक्रिया 2002 साली ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर तपासली गेली; ज्यांना फक्त कातडीवर छेद देऊन परत शिवले होते, त्यांनाही तेवढाच आराम पडला. पण ही उदाहरणे आपल्याला कुठून कळली? ती त्याच तुलनेच्या पद्धतीने उघडकीस आणली, आणि जे उपचार खोटे ठरले ते सोडून देण्याचे बंधन, उशिरा का होईना, त्या वैद्यकाने पाळले. ॲलोपॅथीच्या चुका दाखवून तपासणी नाकारता येत नाही; त्या चुका तपासणी किती आवश्यक आहे हेच दाखवतात. ज्याला आधुनिक वैद्यकाच्या दोषांची खरी चीड आहे, त्याने आपल्या आवडीच्या पॅथीसाठी अधिक कडक चाचणी मागायला हवी.

तिसरा मुद्दा असा की आयुर्वेदात उपचार प्रकृतीनुसार ठरतात, एकाच आजाराच्या दोन रुग्णांना वेगवेगळी औषधे दिली जातात, तेव्हा सर्वांना एकच गोळी देणारी चाचणी त्याला लागू कशी पडणार? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर भारतातच दिले गेले आहे. कोइंबतूर येथे संधिवाताच्या 43 रुग्णांचे तीन गट केले: एका गटाला वैद्याने प्रकृती पाहून ठरवलेली आयुर्वेदिक औषधे आणि मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या नेहमीच्या आधुनिक औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, दुसऱ्याला खरे मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेदिक औषधांसारखी दिसणारी निष्क्रिय औषधे, तिसऱ्याला दोन्ही खरी. वैद्याला औषध हवे तसे बदलण्याची पूर्ण मोकळीक होती. त्याने लिहिलेले औषध खरे दिले जाणार की नकली, एवढेच त्याला माहीत नव्हते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात तिन्ही गटांत सारखाच फायदा दिसला. 43 रुग्णांवरून अंतिम निर्णय होत नाही, हे संशोधकांनाही ठाऊक होते. पण व्यक्तिनिष्ठ उपचार तपासता येत नाहीत, ही सबब त्या दिवशी संपली. खंत याची वाटते की त्यानंतर दहापट मोठी चाचणी तातडीने उभी करण्याची निकड कोणाला भासली नाही.

चौथा मुद्दा अधिक नाजूक आहे. औषधात काही असो वा नसो, रुग्णाला बरे वाटते ना, मग तक्रार कसली? बॉस्टनमध्ये दम्याच्या 39 रुग्णांवर झालेली आणि 2011 साली प्रसिद्ध झालेली चाचणी येथे डोळे उघडणारी आहे. खरे औषध असलेला पंप, नकली पंप, नकली ॲक्युपंक्चर, आणि काहीच न करणे अशा चार परिस्थितींतून प्रत्येक रुग्ण गेला. आपल्याला किती बरे वाटले या प्रश्नावर खऱ्या पंपाला, नकली पंपाला आणि नकली सुयांना जवळजवळ सारखीच दाद मिळाली: 50, 45 आणि 46 टक्के. फुप्फुसातून हवा किती जोराने बाहेर पडते ते यंत्राने मोजले, तेव्हा खऱ्या पंपाने 20 टक्के सुधारणा झाली होती आणि बाकी तिन्ही परिस्थितींत सुमारे 7 टक्के. वेदना, थकवा, अस्वस्थता अशा तक्रारींत ‘बरे वाटणे’ हेच पुष्कळ असते. वैद्य किंवा होमिओपॅथ अर्धा तास बसून ऐकतो, झोपेविषयी आणि भुकेविषयी विचारतो, त्याचा परिणाम होतो, आणि दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्यापासून शिकायलाच हवे. पण दम्याच्या झटक्यात बरे वाटून फुप्फुसे बंदच राहिली, तर ते वाटणे जिवावर बेतते.

होमिओपॅथीविषयी मला वेगळे बोलायला हवे, कारण तिची स्थिती आयुर्वेदासारखी नाही. वनस्पतीच्या काढ्यात रासायनिक द्रव्ये असतात आणि ती शरीरावर परिणाम करू शकतात, हे कोणीही नाकारत नाही. ‘30 सी’ पोटेन्सीच्या औषधात मूळ द्रव्य शंभर पटींनी तीस वेळा विरळ केलेले असते. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. तरीही, तत्त्वतः अशक्य वाटते म्हणून न तपासता नाकारावे, असे मी म्हणणार नाही. तपासणी झालेली आहे, आणि ती आजची नाही. 1835 साली न्यूरेम्बर्गमध्ये मिठाचे 30 सी द्रावण आणि साधे पाणी यांच्या कुप्या सरमिसळ करून लोकांना दिल्या, कोणाला काय मिळाले हे गुपित ठेवले; उत्तर कळवलेल्या 50 जणांपैकी 42 जणांना काहीच जाणवले नाही, आणि ज्या 8 जणांना जाणवले त्यांतील तिघांनी नुसते पाणी प्यायले होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 176 अभ्यासांचा आढावा घेऊन 2015 साली सांगितले की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत मिळाला नाही. असे असताना 2020 साली आयुष मंत्रालयाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी ‘आर्सेनिकम आल्बम 30’ सुचवले, आणि मुंबईतील गृहसंकुलांपासून खेड्यापाड्यांपर्यंत त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचे वाटप झाले. आजार झाला नाही तर गोळीचे यश, झाला तर सौम्य झाला म्हणून गोळीचेच यश. अशी मांडणी केल्यावर कोणता निकाल विरोधात जाणार होता? वाटप होणारच होते, तर निम्म्या वस्त्यांत आधी आणि निम्म्यांत नंतर करून नोंदी ठेवल्या असत्या, तरी देशाला मोठे उत्तर मिळाले असते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, या समजुतीचाही हिशेब व्हायला हवा. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत 20.7 टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शोधन-मारणाच्या, म्हणजे शुद्ध करून भस्म बनवण्याच्या, संस्कारांनी धातू निर्विष होतात, हे रसशास्त्राचे, म्हणजे आयुर्वेदातील धातू-खनिजांच्या औषधांच्या शाखेचे, म्हणणे आहे. ते रक्तातील शिशाचे प्रमाण मोजून तपासता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते श्रद्धेवर सोडू नये. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत असताना मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मंत्रालयाने त्यांनी वनस्पतीच नीट ओळखली नसावी, असे म्हणून ती फेटाळली. पुढच्याच वर्षी देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांची नोंद आली. पुण्याच्या 2013 च्या चाचणीत ज्या मिश्रणांनी विकर वाढल्याचे आढळले, त्यांतही गुळवेल होती. गुळवेल सर्वांनाच घातक आहे असे यातून ठरत नाही. कोणाला, किती मात्रेत, किती दिवसांनी त्रास होऊ शकतो हे शोधणे भाग आहे, एवढे निश्चित ठरते. मंत्रालयाने त्या डॉक्टरांना सहकारी मानून ते शोधले असते, तर आयुर्वेदाचे काय नुकसान झाले असते?

शासनाचा दृष्टिकोन कायद्यातच दिसतो. औषध व प्रसाधन नियमांतील 158-ब या नियमानुसार, मान्य ग्रंथांतील औषध ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी विकायचे असेल, तर सुरक्षिततेचा अभ्यास किंवा परिणामकारकतेची चाचणी लागत नाही. फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी 2018 साली 170 क्रमांकाचा नियम आला; 2023 मध्ये मंत्रालयाने राज्यांना त्याखाली कारवाई करू नका असे कळवले, 2024 मध्ये तो वगळला, सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि 2025 साली फसव्या जाहिरातींविरुद्धची मूळ याचिका निकाली निघाल्यावर ती स्थगितीही उठली. हा आयुर्वेदाचा सन्मान म्हणून मिरवला जातो. माझ्या मते हा आयुर्वेदाचा अवमान आहे, कारण त्याची औषधे परीक्षेला बसण्याच्या लायकीची नाहीत असेच अप्रत्यक्षपणे गृहीत धरले जाते. यात प्रामाणिक वैद्य भरडला जातो. त्याचे नीट बनवलेले औषध आणि कोणा भोंदूचे चूर्ण दुकानात शेजारी-शेजारी ठेवले जाते, आणि दोहोंत फरक करण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती राहत नाही.

शेवटची अडचण पैशाची सांगितली जाते: काढ्यावर पेटंट मिळत नाही, मग चाचणीचा खर्च कोण करणार? ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच ते काम शासनाचे आहे. 2013 ची पुण्याची चाचणी सार्वजनिक पैशातूनच झाली. पण मोठ्या संस्था आणि मोठा पैसा हाती येईपर्यंत काहीच करता येत नाही, हे खरे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत त्या मृत्यूंचे कारण शोधले, आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने ते मृत्यू झपाट्याने खाली आणले. त्यांचे मोठेपण मला पुढच्या पावलात दिसते. प्राझोसिनच्या यशावर न थांबता त्यांनी महाडमध्येच 70 रुग्णांवर चाचणी केली: निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना त्याबरोबर प्रतिविषही. 2011 साली ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात 10 तासांत बरे झालेल्यांचे प्रमाण दोन्ही औषधे घेणाऱ्यांत 91.4 टक्के होते आणि केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांत 22.9 टक्के. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, त्याहून चांगले काही आहे का हे स्वतःच तपासायचे आणि ते आहे असे जगाला सांगायचे, हे तालुक्याच्या गावी शक्य झाले.

महाराष्ट्राला यासाठी नवी संस्था उभारावी लागणार नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी या सर्वांची महाविद्यालये एकाच छत्राखाली आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेदाचे पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून आजही काम करीत आहेत. होमिओपॅथी पदवीधरांना कोणती औषधे लिहू द्यावीत याचा निर्णय त्यांच्या प्रशिक्षणाची परीक्षा घेऊन करता येईल. तो मनुष्यबळाचा प्रश्न आहे आणि औषधांच्या पुराव्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. विद्यापीठाने रोज हजारो रुग्ण ज्यांसाठी येतात अशा मोजक्या तक्रारी घ्याव्यात: गुडघ्याची झीज, मूळव्याध, जुनाट बद्धकोष्ठता, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखी. वैद्य, होमिओपॅथ आणि एमबीबीएस डॉक्टर यांनी प्रत्येकी आपला सर्वोत्तम उपचार आधी लिहून द्यावा, सुधारणा कशाने मोजायची हे तिघांनी मिळून ठरवावे, आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून व्हावी. पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी ही योजना 2007 पासून चालू असलेल्या भारतीय चाचणी नोंदवहीत उघडपणे नोंदवलेली असावी, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी ठरलेल्या मुदतीत तो इंग्रजीबरोबर मराठीतही छापण्याची लेखी अट अनुदान देतानाच घालावी.